मोठेबाबा मीटिंगला निघाले

मोठेबाबा भाजी घेण्याआधी स्वतःची ओळख करून देतात. "बेवडा आहो मी. मी खरं बोललो, आता तूबी बोल. मेथी ताजी आहे का?" कैंप-१ या त्यांच्या वस्तीतल्या बाजारातली भाजीवाली याला सरावली आहे. "नइ हे कका, बासी हे," म्हणत ती शिळी जुडी बाजूला करते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवून रिटायर झाले. वर बसून खालच्यांवर ओरडायची सवय नोकरीत लागली, ती काही रिटायर झाली नाही. दारू सोडूनही त्यांना बरीच वर्षं झाली. दर रविवारी संध्याकाळी ते दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातात. तिथे फक्त पहिलं नाव सांगतात, आणि कोण येतं ते बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे. दुसऱ्यांच्या बाबतीत मोठेबाबा तो कडक पाळतात. स्वतःच्या बाबतीत मुळीच नाही.

"पिऊन नालीत पडलो तवा अख्ख्या कैंपानं पाह्यलं. तवा कोणी पडदा नाही लावला. आता सोडली तं लपवू कावून?"

मीटिंग सापडायलाही त्यांना वेळ लागला होता. अशा जागेवर बोर्ड नसतो. ते भेटेल त्याला विचारत सुटले. एकाने भजनी मंडळात पाठवलं. दुसऱ्याने एका हॉलकडे बोट दाखवलं. तिथे खुर्च्या मांडलेल्या, समोसे आलेले. मोठेबाबा बसले, आणि माइक फिरत त्यांच्याकडे आला तसे उभे राहून सगळं सांगून मोकळे झाले: नालीत पडणं, घरातली आदळआपट, मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, गोंदियाला माहेरी गेली ती परत आलीच नाही ते. हॉलने टाळ्या वाजवल्या. टाय लावलेल्या एकाने त्यांना मिठी मारली. "ऐसे ही सच्चे आदमी चाहिए हमको!"

ती साबण-टूथपेस्ट विकणाऱ्या कंपनीची एजंट भरती होती. "त्या साबणानं आंग धुतलं, दारू नाही सुटली," असं ते अजून सांगतात.

मला त्यांच्याबरोबर बाहेर जायला लाज वाटायची. मी चार लोकांत स्वतःचं नावही हळू सांगते.

ताईचा साखरपुडा वैशाली नगरला आमच्याच घरी ठरला, तेव्हा आईने मोठेबाबांना आधीच बजावलं, "भाऊजी, पाहुण्यांसमोर तुमचं ते दारूपुराण नको. तोंड उघडलं तर पुन्हा या घरात पाऊल नाही."

"जिलबी खायले तं उघडू ना?" त्यांनी विचारलं. आई हसली नाही.

त्या दिवशी ते खरंच गप्प होते. नमस्कार करायचे, हसायचे आणि लगेच तोंडात जिलबी कोंबायचे. पाहुण्यांत आमच्या जुन्या शाळेच्या गणिताच्या मॅडमही होत्या. ताईचे होणारे सासरे त्याच शाळेच्या समितीवर. मॅडम त्यांच्याजवळच बसल्या होत्या, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या भाभी सगळ्यांना ऐकू जाईल अशा काळजीने म्हणाल्या, "मैडम, पिछले संडे आपको उस शराबियों वाले कमरे से निकलते देखा. सब ठीक तो है ना?"

सासऱ्यांनी मान वळवून मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी प्लेट खाली ठेवली. त्यांची नोकरी त्या एका उत्तरावर आली होती.

मोठेबाबांनी जिलबी गिळली.

"माह्यापायी आली होती थे!" ते क्रेनवरच्या आवाजात म्हणाले. "बेवडा मी आहो. पुराना, नामी. चक्कर येऊन बाहेर पडलो होतो, या बाईनं हात धरून अंदर पोचवलं. तुमी तं पाहून पुढे निघून गेल्या असान, भाभीजी?"

भाभींचा चेहरा उतरला. मोठेबाबा थांबले नाहीत. नालीपासून गोंदियापर्यंत सगळं पाहुण्यांना ऐकवलं. शेवटी सासरे त्यांच्याकडेच बघत राहिले, मॅडमना कोणी काही विचारलं नाही. माझ्या माहितीत मोठेबाबा तेव्हा पहिल्यांदाच खोटं बोलले. त्यांना चक्कर कधीच येत नाही.

साखरपुडा पार पडला. आईने शब्द पाळला. मोठेबाबांचं आमच्याकडे येणं बंद झालं.

पुढच्या रविवारी मी आईला न सांगता डबा घेऊन कैंप-१ ला गेले. ते मीटिंगलाच निघाले होते. मी सोबत चालू लागले.

"मोठेबाबा, मॅडम खरंच तिथे..."

"कोनती मॅडम? मी कोनाले नाही ओळखत."

त्या खोलीच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यावर गर्दी होती. मोठेबाबा आत वळायचं सोडून तिथेच थांबले, गल्लीकडे तोंड करून. "चाललो रे बेवड्यायच्या मीटिंगले! कोन येते?" पोरं हसली. कोणी म्हणालं, "कका, आज भाषण?" त्यांनी भाषणच सुरू केलं, हातवारे करून. येणारे-जाणारेही थांबून, गल्लीकडे पाठ करून, त्यांच्याकडे बघू लागले. मी सवयीने लाजून नजर दुसरीकडे वळवली, म्हणूनच मला दिसलं. गर्दीच्या मागून कोणीतरी भिंतीच्या कडेने पटकन गल्लीत शिरलं, साडीचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

मोठेबाबांनी तिकडे पाहिलं नाही. गल्लीतलं दार लागल्याचा आवाज आला, तसे ते वाक्याच्या मध्येच थांबले.

"आली," ते स्वतःशीच म्हणाले, इतक्या हळू की तो त्यांचा आवाज आहे हे मला क्षणभर कळलंच नाही.

कोण, ते मी विचारलं नाही.