खालच्या मजल्याचं वय

मोठे साहेब पुढच्या महिन्यात साठ पूर्ण करून निवृत्त होणार, ही बाब ध्यानात आली आणि सगळं कार्यालय गंभीर झालं. साहेब घरी बसले तर घरच्यांचं काय होईल? माणुसकी म्हणून एक यंत्र आणलं गेलं. त्यात बोट घातलं की ते रक्त, नाडी, हाडं सगळं हुंगून शरीराचं खरं वय सांगायचं. जन्मतारीख हा आईवडिलांचा निव्वळ तोंडी दावा आहे, तेव्हा यापुढे यंत्र सांगेल तेच नोकरीचं वय, असा ठराव झाला. साहेबांनी बोट घातलं. अडतीस! टाळ्यांनी छत हादरलं.

नियम सगळ्यांना सारखा, म्हणून झाडूवालीलाही बोलावलं. ती चाळिशीची, तरी साहेबांसकट सगळे तिला मावशीच म्हणत. यंत्र म्हणालं, बासष्ट.

"अभिनंदन, मावशी," कारकून म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालात तुम्ही. कळवायचं तरी!"

"अहो, माझी पोरगी अजून सातवीत आहे!"

"उतारवयातलं मूल. जपा तिला."

"मग पेन्शन तरी द्या."

"ते जन्मतारखेवर. असं कुणाच्याही शरीरावर विश्वास ठेवून पेन्शन देता येत नाही."

नवऱ्याची पाठ गोदामातली पोती उचलून कायमची गेलेली. घर चालायचं ते तिच्या झाडूवर. तिने बातमी सांगितली तशी सासू चपापली. सासू एकसष्टची. "म्हणजे तू माझ्याहून मोठी झालीस! आता अगं-तुगं बरं दिसायचं नाही. अहो सूनबाई, तेवढी भांडी घासून टाकता का?" धाकटी जाऊ हसून हसून जमिनीवर लोळली.

दुसऱ्या दिवशी झाडूवाली तणतणत कार्यालयाच्या डॉक्टरकडे गेली. "तुमचं यंत्र बिघडलंय."

"यंत्र बिघडत नाही, माणसं बिघडतात. व्यायाम करता का?"

"पाण्याची बादली घेऊन सात मजले चढते. लिफ्टमध्ये आम्हाला बंदी आहे."

"साहेबही हौसेने जिने चढतात. त्यांचं वय उतरतं."

"मग माझंच का चढतं?"

"साहेब चढतात तो व्यायाम. तुम्ही चढता ते काम. शरीराला बरोबर कळतं. शिवाय साहेब दिवसभर ओरडतात, त्यांचं मन मोकळं होतं. तुम्ही ऐकून घेता, ते तुमच्या रक्तात साठतं."

"मग मीही ओरडू?"

"कुणावर? तुमच्या खाली आहे कोण?"

ती तणतणतच जायला वळली. डॉक्टरला मात्र संशोधन सुचलं. साहेब तारुण्य टिकवायला डोंगरावर विश्रांतीला गेले होते. डॉक्टरने महिनाभर तिला साहेबांच्या खुर्चीत बसवायचं ठरवलं. महिन्याने यंत्रात पुन्हा बोट, साठच्या आत आली तर नोकरी राहील. झाडायला बदली म्हणून तिने धाकट्या जावेला आणलं.

पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली. मग हळूहळू रेलली. चहा न मागता येऊ लागला. "खिडकी उघडा" म्हणाली, तर लोकांनी त्याला दूरदृष्टी म्हटलं. बैठकीत डुलकी लागली, तर सगळे पावलं न वाजवता बाहेर गेले. मॅडमचं चिंतन चाललंय. एका दुपारी तिने उगीचच कारकुनाला झापलं, "अक्कल गहाण टाकलीस का रे?" आणि काय आश्चर्य, डोक्यातली जुनी ठणठण थांबली!

महिना भरला. तिने बोट घातलं. चव्वेचाळीस! डॉक्टरने गंमत म्हणून जावेचंही बोट घालून घेतलं. जाऊ अठ्ठावीसची. यंत्र म्हणालं, सेहेचाळीस.

डॉक्टरने जागच्या जागी उडी मारली. "सापडलं! इथे अठरा वर्षं गेली, तिथे अठरा वाढली! वय कमी होत नाही हो, नुसतं खालच्याच्या अंगात उतरतं! तुमची नोकरी वाचली, उद्यापासून झाडू घ्या."

"आणि झाडू घेतल्यावर?"

"परत बासष्ट. मग नियमाप्रमाणे निवृत्त."

तेवढ्यात कारकून धापा टाकत आला. साहेब डोंगरावरून परतले होते आणि यंत्राने त्यांना सतरा ठरवलं होतं. अजाण बालकाला कामाला लावणं हा गुन्हा! कार्यालयाने साहेबांना सज्ञान होईपर्यंत भरपगारी रजा दिली. खुर्ची रिकामी ठेवता येत नव्हती. "मॅडम, तुम्हाला सवय झालीच आहे," कारकून अदबीने म्हणाला. "बसता का?"

दारात जाऊ झाडू घेऊन, कमरेवर हात ठेवून उभी होती. "जाऊबाई, तुमची नोकरी राहिली ना? मग मी सुटले. चला घरी."

झाडूवालीने तिच्याकडे पाहिलं. भांगात पांढरे केस दिसत होते, गेल्या महिन्यात नव्हते. पोरीचं शिक्षण होईपर्यंतच, तिने स्वतःला बजावलं, आणि ती खुर्चीत बसली. अगदी मागे टेकून बसली.

"आलीच आहेस तर," ती म्हणाली, "या टेबलाखालून एकदा झाडू मार."

तिला नावं ठेवायची घाई करू नका. तुम्हालाही लोक म्हणतातच ना, वयाच्या मानाने केवढे तरुण दिसता! खरंच दिसता. फक्त एवढं सांगा, तुमची उरलेली वर्षं सध्या कोण म्हातारं होऊन भरतंय?