स्वप्नात येऊन नाव मागण्याबाबत

आमच्या देशात मूल जन्मलं की त्याला हवं ते नाव ठेवता येतं, फक्त नामसमितीची हरकत नसावी लागते. समितीचा अध्यक्ष मी. माझं नाव केतिलब्योर्न. केतिल म्हणजे हंडा, ब्योर्न म्हणजे अस्वल. या बेटावर पहिल्यांदा उतरलेल्या लोकांत हे नाव होतं, असं मी दर भाषणात सांगतो. बेटावर अस्वलं नाहीत, हे सांगत नाही.

मुलगी योरुनला मुलगा झाला, तेव्हा आजोबाचं नाव नातवाला मिळणार हे मी धरूनच चाललो. माझ्यामागे हे नाव चालवणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि खरं सांगतो, तेवढ्यासाठी मी आसुसलो होतो. आमच्याकडे बारशापर्यंत नाव फोडत नाहीत. तोवर पोर नुसतं ‘पोरगा’. मी रोज मटणाचं सूप घेऊन जायचो आणि विषय काढायचो.

शेवटी योरुन वैतागली. "बाबा, मला दिवस गेले होते तेव्हा स्नायकोत्लुरमामा स्वप्नात आला होता. म्हणाला, माझं नाव दे."

गरोदर बाईच्या स्वप्नात मेलेला माणूस येऊन नाव मागतो, आणि ते द्यायचं असतं. रीत जुनी आहे, माझी ना नाही. पण हा मेहुणा! नावाचा अर्थ पांढऱ्या डोक्याचा, आणि गृहस्थ ऐन पंचविशीत टकला. जेवला जन्मभर माझ्या घरी.

"त्या ऐतखाऊचं नाव?"

"तू आलास का स्वप्नात मागायला?"

"अगं, मी जिवंत आहे!"

"मग रांगेत थांब."

अर्ज समितीपुढे आला. पहिलं नाव वाचूनच मी तो बाजूला सारला. मी अत्यंत निःपक्षपातीपणे ठराव मांडला: अर्जदार बाईचे स्वप्न हा ऐकीव पुरावा असल्याने, ज्याचे नाव द्यावयाचे त्या इसमाने किमान दोन सदस्यांच्या स्वप्नात जातीने हजर राहावे; अन्यथा नाव नामंजूर. ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

समितीचं खरं कामकाज चालतं पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात. पुढच्या आठवड्यात आम्ही तिथे गळ्यापर्यंत बुडून बसलो होतो. आमची वकील सदस्य एयवर चाचरत म्हणाली, "आला होता तो टकला. फ्रीजमधलं सगळं दही संपवलं."

"माझ्याकडे तर मेल्याने मुक्कामच ठोकलाय," म्हातारे प्राध्यापक तिर्फिंगुर कण्हले.

झालं! स्नायकोत्लुर मंजूर.

"अर्जात दुसरंही एक नाव आहे," एयवर म्हणाली. "केतिलब्योर्न."

पोरीने लिहिलं होतं! मला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"हे कुणाच्या स्वप्नात आले होते का?" तिने विचारलं.

"नाही बुवा," तिर्फिंगुर म्हणाले.

"अरे, मी समोर बसलोय!"

"समोर बसून काय उपयोग, अध्यक्षमहाराज? ठराव तुमचाच."

नामंजुरीवर सही मीच केली. बारशाला पोराला मांडीवर घेऊन मी ढसाढसा रडलो. पाहुण्यांना वाटलं, आनंदाने.

हल्ली मी जेवण झालं की लगेच आडवा होतो आणि तिर्फिंगुरांच्या स्वप्नात शिरायची खटपट करतो. तुम्ही हसताय? हसा. पण आज घरच्यांना विचारून पाहा, तुम्ही कुणाच्या स्वप्नात शेवटचे कधी आला होतात.