साडेचार बोटांचा पंजा

पोळ्याला आठ दिवस उरले असताना अल्लीपूरच्या पुंडलिकरावांनी अंगणात मोटार खरवडायला घेतली. मोटार लढाईतून उरलेली, लिलावातली, शेवाळी हिरव्या रंगाची. मागची बैठक काढली की वांग्यांची पोती मावत, म्हणून चांद्या आणि हरण्या ही बैलजोडी शेजारच्या बंडूजींना विकून त्यांनी ती घेतली होती. शिवाय पारावर तोऱ्यात सांगितलं होतं, "बैलाचे लाड पुरवा लागतात. मोटारीले नुसतं तेल पाजा. ना खांदमळणी, ना आवतन!"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, हे गावात प्रत्येक घरी चाले. पुंडलिकराव त्यातून सुटले होते. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

पंचाईत झाली ती रंगाची. हिरवी गाडी दिसली की गावोगावच्या बायांना वाटे, देवीची लस टोचणारे सरकारी लोक आले. पोरं कोठीमागे लपत, दारं लागत, आणि पुंडलिकराव भर बाजारात वांग्यांच्या ढिगाशी एकटे बसत. एका म्हातारीने तर लांबूनच दंड उघडून जुना व्रण दाखवला. "माह्यं झालं हाय, बापा! सुनेचं पाहा!"

शेवटी त्यांनी जाहीर केलं की मोटार लालभडक होणार आणि पोळ्याला बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभी राहणार. मधुकरराव पाटील म्हणाले, "आना की. पन अशी खरजुली नका आनू. गावाची शोभा जाईन."

हिंगणघाटच्या प्रेमदास मिस्त्रीने रीत सांगितली. आधी काचकागदाने जुना रंग घासायचा, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरायचा, तो वाळला की पुन्हा घासायचं, मग सोड्याच्या पाण्याने सगळं धुवायचं. "आन एक ध्यानात ठेवजो," मिस्त्री म्हणाला, "धुतल्यावर पत्र्याले तेलातुपाचं बोट लागलं, का रंग धरत नाई."

पुंडलिकरावांनी ही आज्ञा घरभर लागू केली. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट कडबा कापताना अर्धं गेलेलं. त्या साडेचार बोटांनी ते सकाळपासून घासत आणि तोंडाने बायकोला धाक घालत. मनकर्णाबाईंनी डोक्याला तेल लावून अंगणात यायचं नाही. फोडणी द्यायची तर दार लावून. पाचव्या दिवसापासून फोडणीच बंद झाली.

"बिनफोडणीचं वरन किती दिवस खाचं?" बाई म्हणाल्या. "मोटार हाय का सोवळ्यातली सासू?"

"तुले काय समजते? नजर ठेवून राह्यलो म्हनून पत्रा असा दिसून राह्यला!"

पत्रा खरोखरच आरशासारखा झाला होता. खांदमळणीच्या संध्याकाळी सोड्याने धुऊन मोटार तयार उभी होती. रंग पहाटे द्यायचा होता. पुंडलिकराव ओट्यावर बसले आणि भिंतीपलीकडे घुंगरं वाजली.

बंडूजी चांद्याचा खांदा चोळत होते. मग त्यांचा आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

बारा वर्षं हे शब्द पुंडलिकरावांनी म्हटले होते. ते उठून स्वयंपाकघरात गेले. फळीवर वाटीत लोणी-हळद कालवलेली होती. घरात बैल नसताना ती कोणासाठी कालवली, आणि तिच्यात आधीच बोटं कशी फिरली होती, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. पंजा भरून ते बाहेर आले, चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि मोटारीच्या उजव्या मडगार्डवर हात दाबला.

"आज आवतन घे," ते पुटपुटले, "उद्या जेवाले ये."

पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची अशी लाज वाटली, की खांद्यावरच्या दुपट्ट्याने लोणी घाईघाईत वरवर टिपून ते जाऊन झोपलेच.

पहाटे रंग दिला. दुपारी मोटार तोरणाखाली मारुतीच्या देवळाला डावी बाजू लावून उभी राहिली. बैलांच्या झुलींपेक्षा लोक तिच्याकडेच पाहत होते. पाटलांनी मान डोलावली. पुंडलिकरावांची छाती फुगली. मग ऊन चढलं आणि उजव्या मडगार्डवरचा ओला रंग हळूहळू खाली ओघळू लागला.

"अरे, मोटारीले घाम आला!" कोणीतरी ओरडलं.

पुंडलिकरावांना खरं कारण तेव्हाच समजलं होतं. पण शंभर माणसं पाहत होती. ते गर्रकन बायकोकडे वळले. "तूच! तेलाचा हात लावलाच शेवटी! आठ दिवसाची मेहनत मातीत घातली!"

मनकर्णाबाई बायांच्या घोळक्यात उभ्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे, एकदा मोटारीकडे पाहिलं. "मी त्या बाजूले बोटबी नाई लावलं."

"खोटं नको बोलू!"

त्या पदर सावरून घराकडे चालू लागल्या. एवढ्यात उरलासुरला रंग घसरला आणि लाल मडगार्डवर एक पंजा स्वच्छ उमटला. बंडूजी वाकून मोजू लागले.

"अंगठा... एक... अर्धं... दोन... तीन. पुंडलिकराव, अर्ध्या बोटाची बाई गावात कोन हाय बा?"

बैल बुजतील इतकं गाव हसलं. पुंडलिकरावांनी उजवा हात बंडीच्या खिशात कोंबला. हसण्याचं त्यांना तेवढं वाईट वाटलं नाही. चारचौघांत बायकोला खोटं पाडलं, हे मात्र मनात रुतत गेलं. जमीन फाटली असती तर ते मोटारीसकट आत गेले असते.

भोंगा न वाजवता ते घरी आले. चुलीपाशी बाई पोळी लाटत होत्या.

"चुकलं माह्यं," ते दारातूनच म्हणाले. "तुह्या नावावर घालाले नोको होतं."

बाईंनी लाटणं थांबवलं नाही. पुंडलिकराव खालमानेने बाहेर आले, बादली घेतली आणि मोटारीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. तिथेच थबकले. डाव्या मडगार्डवरचाही रंग ओघळला होता. तिथे एक लहानसा पंजा होता, पाचही बोटं शाबूत, आणि मनगटाशी बांगडीची कोर.

"अवं!" ते ओरडले. "इकडं ये! हे काय?"

मनकर्णाबाई ओट्यावर आल्या. पाहिलं. गाल लाल झाले. "मी *त्या* बाजूले बोट नाई लावलं म्हनलं होतं. ह्या बाजूचं तुमी इचारलं कुठं?"

"आवतनबी देल्लं?"

"मंग काय सनावाराले उपाशी ठेवू तिले?"

त्या आत गेल्या आणि पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. पुंडलिकरावांनी आधी बंडूजींच्या भिंतीकडे पाहिलं. तिकडे सामसूम होती. मग त्यांनी ताट हळूच बॉनेटवर ठेवलं आणि दोघांनीही हात जोडले.

"पुंडलिकराव," भिंतीपलीकडून आवाज आला, "जेवली का?"