बहुमतानं मंजूर झालेला पक्षी

इंग्रजी कविता कशी शिकवावी, हे मला बारामती ते भवानीनगर एसटीत उभ्या उभ्या सुचलं! इतकं सुचलं की उतरायचंच राहत होतं.

नववीचा वर्ग. मी तासिका तत्त्वावरचा शिक्षक. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, हे ठरवायला संस्थेचे सचिव मोहनराव मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले.

मी स्वतः रचलेली कविता फळ्यावर लिहिली. पक्षी शेताच्या फाटकावर येतो, पिकाकडं बघतो, काही न बोलता उडून जातो. संपली.

"कवितेचा एकच अर्थ नसतो," मी ऐटीत म्हणालो. "तुम्ही ठरवा! फक्त कवितेतला पुरावा द्या. आणि इंग्रजीत!"

गोकुळ उठला. "सर, बर्ड इज चिटबॉय."

"कोण?"

"कारखान्याचा, सर. ऊसतोडीची तारीख द्यायला येतो. कम्स, सीज, गोज. नो तारीख!"

पुरावा चोख होता.

"न्हाय सर!" स्वरूपा उसळली. "बर्ड इज फ्रीडम!"

"फ्रीडम फाटकावर कशाला बसंल गं?" गोकुळनं विचारलं.

वर्ग दुभंगला. इथली पोरं बाराखडीच्या आधी सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा बघतात. आरिफनं डस्टर आपटलं आणि न विचारता अध्यक्ष झाला.

"ठराव क्रमांक एक! पक्षी म्हणजे चिटबॉय. सूचक गोकुळ. अनुमोदक?"

बारा हात वर.

"मंजूर?"

"मंजूऽऽर!" पत्रा हादरला. शेजारच्या आठवीनंही मंजूर केलं.

मोहनराव उठले. संपलं, मी मनात डबा आवरला. पण ते घसा खाकरून म्हणाले, "माझ्या मते पक्षी म्हणजे आत्मा."

"अनुमोदक?" आरिफनं विचारलं.

एकही हात हलेना. मोहनरावांनी माझ्याकडं पाहिलं. खरं तर माझा पक्षी म्हणजे नुसता पक्षी होता. पण नोकरी म्हणजे नोकरी! मी हात वर केला.

"हरकत!" रुक्सार ओरडली. "सर तासिकेवरचे हायत. सभासद न्हाईत!"

"हरकत मान्य. आत्मा नामंजूर!"

मोहनराव शांतपणे बसले. कारखान्याच्या सभांना तेही जातात, त्यांना सवय होती. तास संपल्यावर त्यांनी वहीत शेरा लिहिला: 'मुले स्वतः शिकतात. शिक्षक मध्ये येत नाहीत. पुढील वर्षीही ठेवावेत.'

घरी फोन करून मी आईला फक्त शेवटचं वाक्य वाचून दाखवलं.