म्हात्रे सरांचं शिफारसपत्र

म्हात्रे सर बारशाला जातात तेव्हा रुमाल विसरतात, चष्मा विसरतात, पण शिंप्याची टेप खिशात असतेच. समोर तान्हं बाळ दिसलं की आईशी दोन शब्द बोलतात आणि बोलता बोलता बाळाच्या डोक्याचा घेर मोजून मोकळे होतात. टेंभी नाक्याजवळच्या एका बारशात तर एक आजीबाई आपला नातू घेऊन त्यांच्यासमोर रांगेत उभ्या राहिल्या, यालाही एक कुंची शिवून द्या म्हणून. सरांनी घेर मोजला आणि शांतपणे सांगितलं, कुंची येत नाही, पण बाळ उत्तम आहे.

सर कल्याणच्या आमच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या मेंदूची ऑपरेशनं करतात. बाळाचं डोकं वयाच्या मानाने भराभर वाढत असेल तर आत पाणी साठत असू शकतं, आणि ते जितकं लवकर कळेल तितकं बरं. म्हणून ही टेप. मी त्यांच्या हाताखाली न्यूरोसर्जरी शिकते, त्यामुळे त्यांच्यासोबत समारंभाला जायचं मी कधीच सोडून दिलंय.

ऑपरेशनबद्दल आईबापांना सगळं आदल्या दिवशीच सांगून झालेलं असतं. तरी त्या सकाळी सर खाटेशेजारी स्टूल ओढतात आणि सात महिन्यांच्या पेशंटला आपल्या घरच्या आगरी बोलीत अख्खा बेत समजावतात. "हे बघ बाला, डोक्यात पाणी साठलंय. बारीक नली घालून ते पोटात सोडू. चालंल ना?" मग उत्तराची वाट बघतात. बाळाने जांभई दिली की ती होकार म्हणून धरतात. एकदा एकाने भोकाड पसरलं, तर सरांनी त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. थिएटरात आम्ही हात धुऊन ताटकळत उभे.

तर या सरांकडून मला एक पत्र हवं होतं. लहान मुलांच्या न्यूरोसर्जरीत रस असलेल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी एक प्रवासी फेलोशिप असते. दोन महिने परदेशातल्या तीन बालरुग्णालयांत जायचं, तिथल्या सर्जनच्या शेजारी उभं राहून बघायचं, शिकायचं. मी डोंबिवलीहून फार तर गोव्यापर्यंत गेलेले. अर्ज भरून झाला होता. विभागप्रमुखांचं, म्हणजे सरांचं, शिफारसपत्र तेवढं उरलं होतं, आणि ते त्यांनीच परस्पर पाठवायचं होतं. त्यावाचून अर्ज बाद.

मी पंधरा दिवस सरांच्या मागे. ते म्हणायचे, "आधी बाळ, मग बाकी." आणि बाळं काही संपेनात. थिएटरच्या वैशाली सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आशा सोड. याआधी सरांनी तिघांना असंच पाठवलं होतं. तिघेही शिकून आले ते मोठमोठ्या शहरांत लागले, इकडे कुणी फिरकलंच नाही. तेव्हापासून मुलांची सगळी ऑपरेशनं सर एकटेच करतात. मला सरांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी सर सहज म्हणाले, "अगं केतकी, ते पाठवलं सकाळीच." आणि मोबाइल पुढे केला. तीस वर्षांत सरांनी डिस्चार्ज कार्डाखेरीज फारसं काही लिहिलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. पण पत्रही तसंच असेल असं वाटलं नव्हतं. नाव, वय. तक्रार: तीन वर्षांपासून लहान मुलांच्या वॉर्डातून वेळेवर घरी न जाणे. तपासणी: हात स्थिर, जीभ तिखट. ऑपरेशननंतर बाळाच्या आईशेजारी बसून राहण्याची सवय, औषधाने न जाणारी. उपचार: प्रवास. इथवर वाचून मी फोन परत दिला. पुढचं वाचायची हिंमतच नव्हती. माझ्या अर्जाचं आता काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं.

त्यानंतर बारा दिवस मी मेल उघडायलाही घाबरत होते. तेराव्या दिवशी उघडला, तर निवड झालेली. निवड समितीने खाली लिहिलं होतं की उमेदवाराची इतकी नेमकी ओळख करून देणारं पत्र आजवर आलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. कॅन्टीनच्या बाकावर बसून मी पोटभर रडले आणि दोन वडापाव खाल्ले.

मग सरांना सांगायला गेले. ते ओपीडीच्या खोलीत डबा खात होते. छान झालं म्हणाले, पण नजर भाकरीवरच. थोड्या वेळाने विचारलं, पत्रातली शेवटची ओळ वाचलीस का? मी नाही म्हटलं. त्यांनी फोन सरकवला. शेवटी लिहिलं होतं: फॉलो-अप, दोन महिन्यांनी, याच हॉस्पिटलात, न चुकता.

"त्या तिघांच्या पत्रात लिहायचं राहून गेलं," सर म्हणाले.

मला त्यांच्याविषयी माया दाटून आली. मी टेबलावरची अपॉइंटमेंटची डायरी ओढली आणि परत आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी माझं नाव लिहिलं. वयही लिहिलं. सरांनी डायरी फिरवून ते दोनदा वाचलं.

"सकाळी लवकर ये," ते म्हणाले. "सोमवारी गर्दी असते."