विचारेल त्याच्या गावचे भाऊ

आमच्या जिल्ह्यात माणसाचं नाव नंतर विचारतात, गाव आधी. भाऊ धुरींना गाव विचारलं, की ते विचारणाऱ्याचंच गाव सांगायचे.

कुणकेश्वरची म्हातारी खिडकीशी आली आणि तिने सहज विचारलं, "झिला, गाव खंयचो तुझो?" की भाऊ पापणीही न हलवता म्हणणार, "कुणकेश्वरचो गो! वळखलंस नाय?" देवबागच्या माणसाला ते देवबागचे, मसुऱ्याच्या माणसाला मसुऱ्याचे. नुसतं गाव सांगून थांबले तर भाऊ कसले! वाडी सांगायचे, घरामागच्या पाणंदीचं वर्णन करायचे, वर "यंदा तुमच्याकडे आंबो बरो लागलो म्हणतत" अशी फोडणी द्यायचे. ही सगळी माहिती त्यांनी आधीच्या कुठल्यातरी प्रवाशाकडून काढून घेतलेली असायची.

भाऊ आमच्या एसटी स्टँडचे कंट्रोलर. मी त्याच डेपोत कारकून. वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून मी हे ऐकलं. मला त्याचा मनस्वी राग यायचा, कारण त्या थापांपायी भाऊंना सात गावांहून कोकम, फणस आणि सोललेले काजू यायचे. मी खरं गाव सांगतो, मला कोणी साधी आमसुलंसुद्धा दिली नाहीत.

एकदा मात्र भाऊ सापडले. खिडकीशी एकाच वेळी दोन गावच्या दोन बायका आल्या आणि "ह्यो आमचो" म्हणून भांडायला लागल्या. भाऊ शांतपणे म्हणाले, "भांडा नकात. एक आवशीचो गाव, एक बापाशीचो." तेवढ्यात मागून तिसरी पुढे झाली. भाऊंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तो बायलेचो." भाऊंचं लग्नच झालेलं नव्हतं. स्टँडमागच्या एका खोलीत ते एकटे राहत आणि स्वतःच्या हाताने पेज करून पीत.

त्यांचा माइकही असाच. सुरुवात कागदावरच्या शुद्ध मराठीत व्हायची आणि मग गाडी घसरायची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवर देवबागला जाणारी गाडी लागलेली आहे. मासळीची टोपली मांडयेर घेव नकात, शेजारच्याचो सोमवार आसा." वरून तक्रारी यायच्या. भाऊ त्या नीट घडी घालून खणात ठेवायचे.

चतुर्थीला स्टँड मुंबईकरांनी भरून जायचं आणि आम्ही सगळे रजेसाठी एकमेकांच्या उरावर बसायचो. भाऊंनी एकाही चतुर्थीला रजा घेतली नाही. "जावा रे तुम्ही. जंय गाडी जाता थंय माझो गाव. माका काय!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मीही दरवर्षी खुशाल गावी गेलो. माणूस कसला मोकळा आहे, असं वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

अशा माणसाला बढती मिळाली. खात्याच्या परीक्षा ते गुपचूप देत आले होते आणि पंचावन्नाव्या वर्षी आमच्याच डेपोचे आगारप्रमुख झाले. आम्ही पेढे खाल्ले. मग मोठ्या साहेबांचं पत्र आलं. साहेब नुकतेच कसल्याशा शिबिराला जाऊन आले होते. पदभार घेताना नव्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांसमोर दहा मिनिटं 'माझी वाटचाल' सांगावी: आपण कुठले, कुणाचे, कसे घडलो. म्हणजे लोकांना साहेब आपला वाटतो. साहेब स्वतः ऐकायला येणार होते.

भाऊंनी ते पत्र तीनदा वाचलं आणि त्या दिवशी माइकवर मालवणची गाडी दोनदा सावंतवाडीला पाठवली.

भाषण लिहायला मला बसवलं. पहिल्या मजकुरात भाऊ देवबागच्या रापण ओढणाऱ्या मच्छीमाराचे चिरंजीव निघाले. खाडी पुलावरून बघितली तरी त्यांना घेरी येते, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या मजकुरात वडील कुणकेश्वरच्या देवळात नगारा वाजवत होते. तिसऱ्यात ते माझ्याच गावचे झाले तेव्हा मी पेन टाकलं. "भाऊ, पुरे झालं. खरो गाव सांगा."

"खरो सांगान काय करतलस?" भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले. "थंय गाडी जाणा नाय."

मला काही कळलं नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी, त्यांचं कपाट नव्या केबिनमध्ये हलवताना. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पत्र्याची पाटी होती, पूर्वी गाडीच्या कपाळावर लावायचे तसली. तिच्यावर लिहिलं होतं, 'पिसेखोल मुक्काम'. असली गाडी मी कधी पाहिली नव्हती. वर्कशॉपमधले सावंत मेस्त्री निवृत्तीला आलेले; त्यांना पाटी दाखवली. त्यांनी हात पुसून ती हातात घेतली.

"धरणाखाली गेलो तो गाव," मेस्त्री म्हणाले. "भाऊचो गाव. तेवा तो नवीन कंडक्टर होतो. शेवटची फेरी तेनाच मारल्यान. आवशी-बापाशीचा तिकीट तेनाच फाडल्यान. माणसा कोण खंय, कोण खंय गेली. म्हातारा-म्हातारी दोन वर्सांत गेली."

मी पाटी होती तशी गुंडाळून ठेवली. वीस वर्षं हा माणूस गावामागून गाव मागून घेत होता आणि मी त्याच्या काजूंचा हिशेब करत होतो.

कार्यक्रम सकाळी अकराला, कंट्रोलर केबिनशेजारच्या खोलीत. भाऊंच्या गळ्यात झेंडूचा हार. भाड्याचा माइक ऐन वेळी बंद पडला, म्हणून कोणीतरी खिडकीतून स्टँडचाच माइक आत ओढला. बाहेरचे कर्णे बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

भाऊ उभे राहिले. माझा कागद हातात होता, चौथा, गावाची जागा कोरी सोडलेला. त्यांनी तो बघितला आणि घडी करून खिशात ठेवला. मोठे साहेब घड्याळ बघू लागले. मला वाटलं, आता भाऊ साहेबांच्याच गावचे होणार. मग त्यांनी माइक तोंडाशी नेला, रोज नेत तसाच.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर पिसेखोल मुक्काम गाडी लागलेली आहे. ही गाडी तिठा, सड्यावरची शाळा, सातेरीचं देऊळ, गावडेवाडीची विहीर या मार्गे धुरीवाडीला जाईल. शेवटच्या थांब्यावर फणसाची मुळं वर आली आहेत, उतरताना सांभाळून उतरावे." ते थांबले. "थंय माझी आवस उभी आसता. कंदील घेवन. गाडी रिकामी इली तरी उभी आसता." मग साहेबांकडे वळले. "माझी वाटचाल एवढीच आसा, साहेब. त्या गाडयेतसून उतारलंय, ता परत चढाक गावला नाय."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला समजेना. तेवढ्यात शिपाई धावत आला. बाहेर कर्णे चालू होते आणि फलाट चारवर पाचसहा माणसं पिशव्या घेऊन गाडी शोधत होती.

आम्ही बाहेर गेलो. बाकीची माणसं चौकशी करून पांगली. एक म्हातारी मात्र तिथेच उभी होती, पिशवी छातीशी धरून. भाऊंना बघून म्हणाली, "पिसेखोलची गाडी खंय रे? आताच सांगलास मां? गाडी सुरू झाली म्हणजे पाणी उतारला आसतला."

भाऊ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिने हार घातलेल्या या माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलंच, "तू कोण रे? गाव खंयचो तुझो?"

"पिसेखोलचो," भाऊ म्हणाले.

वीस वर्षांच्या सवयीप्रमाणे विचारणाऱ्याचंच गाव.

"पिसेखोलचो? कोणाचो?"

"धुरीवाडीतल्या शांतीचो."

म्हातारीने हात पुढे करून त्यांची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि मान हलवली. "मगे उभो कित्याक?" ती बाकावर सरकत म्हणाली. "बस माझ्या वांगडा. गाडी येयसर."

आत मोठे साहेब चहाला थांबले होते. भाऊ बाकावर बसले. तिची पिशवी त्यांनी आपल्या मांडीवर घेतली.

"येतली गो आये," ते म्हणाले. "जरा लेट आसा."