दुर्गंधमुक्त जंगल

एका जंगलात डोंगराला भेग होती आणि त्या भेगेतून गॅस निघायचा.

हसू नका, मुलांनो. डोंगरालाही पोट असतं.

हा गॅस छान जळायचा. राजवाड्याचा मुदपाकखाना त्याच्यावरच चालायचा. पण त्याला सडक्या अंड्यांचा वास होता. वास आला की सगळे भागोजी घोरपडीकडे बघायचे, कारण त्याच्या घराण्यात अंडी आवडीने खात. बिचारा भागोजी शपथा घेऊन दमला.

एकदा एक टिटवी त्या भेगेपाशी बसली ती उठलीच नाही. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग वाघमहाराजांचा चांदीचा पेला काळा पडला. तेव्हा मात्र ताबडतोब दरबार भरला.

यंत्रविद्या शिकून आलेली साळूबाई साळिंदर पुढे झाली.

"महाराज, या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड आहे. विष आहे ते. धुऊन काढावं लागेल."

"गॅस धुणार? कशाने?" महाराजांनी विचारलं.

"अमाईन नावाचं एक औषधी पाणी असतं. दोन मनोरे बांधू. पहिल्यात खालून गॅस सोडायचा, वरून हे पाणी. पाणी विषाला मिठी मारून खाली येतं, स्वच्छ गॅस वर जातो. दुसऱ्या मनोऱ्यात तेच पाणी तापवायचं. तापलं की ते मिठी सोडतं. सुटलेलं विष नळीने भट्टीत न्यायचं, तिथे त्याचं गंधक करायचं. पाणी मोकळं झालं की पुन्हा पहिल्या मनोऱ्यात."

महाराजांना मिठी तेवढी समजली. त्यांनी परवानगी दिली.

मनोरे उभे राहिले. भागोजीला झडपांवर नेमलं. वास गेला, पेला चकाकला. भागोजीला लोक लग्नाला बोलवू लागले. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मुलांनो, सगळं सुरळीत चाललं की प्रधानांना काम उरत नाही.

प्रधान होते तरस. नाव हासेराव. ते पाहणीला आले.

"पहिला मनोरा गॅस धुतो, हे कळलं. हा दुसरा काय करतो?"

"पाण्यातलं विष काढतो, प्रधानजी," भागोजी म्हणाला.

"म्हणजे धुण्याचं पाणी धुतो! आणि त्यासाठी आपलाच गॅस जाळतो! इकडे महाराज कोमट पाण्याने अंघोळ करतात!"

त्याच दिवशी दुसऱ्या मनोऱ्याची अर्धी आच न्हाणीघराकडे वळवली गेली.

आता हात भरलेले असताना नवी मिठी कशी मारणार? पाण्यात जुनंच विष राहू लागलं. नवं विष गॅसबरोबर मुदपाकखान्यात पोहोचलं. पुन्हा वास सुटला. लोक पुन्हा भागोजीकडे बघू लागले.

साळूबाई प्रधानांकडे धावली. "आच परत द्या. पाण्याला गाळणीही हवी. पालापाचोळा पडून ते घाण झालंय. आत फेस चढतोय."

"वास? मला तर येत नाही," प्रधान म्हणाले. ते खरंच होतं. तरसाच्या जेवणापुढे तो वास म्हणजे अत्तर. "आणि फेस येतोय म्हणता? बाई, साबणाला फेस येतो. फेस म्हणजे स्वच्छता!"

लगेच दवंडी पिटली. मनोऱ्यांच्या पायथ्याशी फेस महोत्सव भरणार! कमानीवर लिहिलं होतं : 'आपलं जंगल, दुर्गंधमुक्त जंगल'.

महोत्सवाला महाराज आले. त्यांना फेस नीट दिसावा म्हणून प्रधानांनी हुकूम सोडला, "भागोजी, आज पूर्ण आच!"

"प्रधानजी, एकदम नको," भागोजी हात जोडून म्हणाला. "पाणी विषाने भरलंय. सगळं एकाच वेळी बाहेर येईल."

"महाराजांना ताटकळत ठेवणार?"

भागोजीने साळूबाईकडे पाहिलं. ती गर्दी सारत पुढे येत होती. पण ती पोहोचण्याआधी प्रधानांच्या माणसांनी झडप फिरवलीसुद्धा.

फेस उसळला. नळीत घुसला. भट्टीकडे जाणारी वाट तुंबली आणि नळीचा सांधा सुटला. सुटलेलं विष हवेपेक्षा जड. ते मनोऱ्याखालच्या खळग्यात उतरलं. खळग्यात भागोजी होता. तो आच बंद करायला खाली गेला होता.

क्षणभर असा वास आला की महाराजांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग वास थांबला. अगदी पूर्ण.

"पाहा!" प्रधान ओरडले. "वास गेला! टाळ्या!"

टाळ्या पडल्या.

"वास नाही गेला, नाकं गेली!" साळूबाई किंचाळली. "हे विष वाढलं की आधी नाक मारतं. चढावर पळा! वारा येतोय तिकडे पळा!"

तेवढ्यात राणबा रानडुकराने खळग्यात आडवा पडलेला भागोजी पाहिला. राणबा त्याचा शेजारी. "भागोजी!" म्हणत त्याने सरळ खाली उडी घेतली. साळूबाईने "थांब रे!" म्हणेपर्यंत तोही आडवा झाला होता.

साळूबाईला रडू फुटलं. तिलाही उडी मारावीशी वाटली. पण ती वळसा घालून, वारा येत होता त्या बाजूने चढावर गेली, न्हाणीघराजवळची गॅसची मुख्य झडप बंद करून आच तोडली आणि वेलीचा फास करून खाली टाकला. पुन्हा टाकला. भागोजीची शेपटी अडकली. तिने तळहात सोलून निघेपर्यंत ओढलं. भागोजी वर आला, खोकला, जगला.

राणबा जड होता. त्याला वर काढायला बराच वेळ लागला. तोपर्यंत तो गेला होता.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष हासेराव तरस.

समितीने साऱ्यांना एकच प्रश्न विचारला, "दुर्घटनेच्या वेळी वास येत होता का?"

"नाही," सगळे खरं बोलले.

म्हणून ठरलं की वासाचा दुर्घटनेशी संबंध नाही. राणबा धावल्यामुळे मेला, म्हणून खळग्यापाशी 'येथे धावू नये' अशी पाटी लागली. कामाच्या वेळी आडवा पडल्याबद्दल भागोजीवर ठपका आला. ऐन समारंभात किंचाळल्याबद्दल साळूबाईला कामावरून काढलं.

साळूबाई राणबाच्या बायकोला भेटायला गेली. मग राणबाची बायको, तिची पिल्लं, भागोजी आणि साळूबाई डोंगरापलीकडे राहायला गेले.

इकडे प्रधानांचा सत्कार झाला. सांधा चिखलाने लिंपला होता आणि आच पुन्हा न्हाणीघराला मिळाली होती.

महाराजांनी खोल श्वास घेतला. "वा, प्रधानजी! आता कसलाच वास येत नाही."

तात्पर्य : मुलांनो, वास आला की नाक मुरडावं, वास सांगणाऱ्याला हाकलावं आणि वास थांबला की टाळ्या वाजवाव्यात. मात्र टाळ्या लवकर वाजवाव्यात. नंतर हात हलत नाहीत.